संस्थेची वास्तू : देणारा, वापरणारा, बांधणारा

धाराशिव जिल्ह्यातील वाशी हे बालाघाटच्या पठारावरचे तालुक्याचे गाव. येथे घर बांधायचे तर मिस्त्री, सेंट्रिंगवाला, वाळू-खडी पुरवणारा आणि नकाशा काढून देणारा अभियंता एवढ्यांत काम भागते. मालक एकच असतो, पैसा त्याचा, राहणारही तोच. भिंत ओळंब्यात नसली तर त्याच दिवशी तो ती उतरवायला लावतो. काम संस्थेचे असले की ही सोय राहत नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांचे वसतिगृह असो, दवाखाना असो, वाचनालय असो, की नाटक, कीर्तन, व्याख्यान सगळे होऊ शकेल असे सभागृह असो. पैसे देणारा पुण्या-मुंबईचा किंवा परदेशातला, सह्या करणारे विश्वस्त, वापरणारी मुले, रुग्ण किंवा कलावंत, आणि बांधणारा निविदेतून आलेला ठेकेदार. एका मालकाचे चार तुकडे झालेले असतात. अशा इमारती कोणत्या पद्धतीने आणि कोणाकडून बांधून घ्याव्यात, याविषयी महाराष्ट्रात गेली तीसेक वर्षे वेगवेगळ्या निमित्तांनी बोलले गेले आहे. भूकंपग्रस्त गावांच्या पुनर्वसनाच्या वेळी ते बोलले गेले, नाट्यगृहांच्या दुरुस्तीच्या वेळीही. पण या दोन चर्चा एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत. त्या शेजारी ठेवून पाहिल्या तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते, असे मला वाटते. या कामांत इमारत बिघडते ती बहुधा सिमेंटच्या आधी, निर्णयात. मालकाचे तुकडे एकत्र बसवण्याचे काम कोणाचे, आणि त्या कामाची किंमत अंदाजपत्रकात धरली होती का, यावर पुढचे बरेचसे ठरते.

लोकवर्गणीपासून ठेक्यापर्यंत

संस्थांच्या बांधकामाची आपली जुनी रीत ठेक्याची नव्हती. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या त्या लोकांनी दिलेल्या पैशातून. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. इमारत उभारणारा, चालवणारा आणि वापरणारा हे वेगळे असू शकतात, आणि ते वेगळे असतील तर वास्तू कोणाच्या हाती द्यायची हे वेळेवर ठरवावे लागते, याची समज त्या व्यवहारात दिसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे मूठमूठ धान्यावर चालली आणि तिथे मुलांच्या श्रमाला शिक्षणाइतकेच स्थान होते. ही पद्धत टिकली, कारण इमारती एकमजली होत्या, दगड-चुना-लाकूड ही सामग्री ओळखीची होती आणि गवंडी त्याच पंचक्रोशीतला होता. चूक झाली तर ती दिसत असे आणि दुरुस्त करणारा हात जवळच असे.

पुढे आरसीसी आली, मजले वाढले, अग्निशमनाचे आणि भूकंपरोधक बांधणीचे नियम आले. त्याचबरोबर पैशाचे स्वरूपही बदलले. कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झाले आणि ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले. या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण-आरोग्याबरोबर वारसा, कला आणि संस्कृतीही आहे. संस्थांच्या इमारतींना त्यामुळे मोठा आधार मिळाला. मात्र हा पैसा आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. चालू प्रकल्प म्हणून मान्यता घेतली तरी सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांत तो संपवावा लागतो. दुसरीकडे विश्वस्त संस्थेला कर्ज काढायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ अ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे देणगीचा हप्ता लांबला तर मधला काळ भागवण्यासाठी बँकेत जाणे सोपे नाही. त्या काळात काम थांबते, उघड्या सळया गंजतात, ठेकेदार आपली माणसे दुसऱ्या साइटवर हलवतो आणि परत येताना वाढीव दर मागतो. या सगळ्यात कोणाचीही नियत वाईट असावी लागत नाही.

किल्लारीनंतर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. वाशीपासून हा भाग शंभरेक किलोमीटरवर, पण पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा-लोहारा पट्टा थेट तडाख्यात सापडला. हजारो माणसे गेली. माळवदाची जाड मातीची छपरे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने जो कार्यक्रम आखला गेला त्यात ५२ गावे नव्या जागी पूर्णपणे वसवायची होती. त्यांतील बरीच गावे देणगीदार संस्था, वृत्तपत्रे, कंपन्या, धार्मिक न्यास यांनी ‘दत्तक’ घेतली. बाकीच्या हजारो गावांत घरमालकाने स्वतःच्या घराची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे आणि शासनाने अनुदान व तांत्रिक सल्ला द्यायचा, असे ठरले. एकाच प्रदेशात, एकाच काळात दोन पद्धती शेजारी शेजारी वापरल्या गेल्या. सेवाभावी संस्थांच्या बांधकामाचा विचार करणाऱ्याला इतका स्वच्छ तुलनेचा नमुना क्वचितच मिळतो.

दत्तक गावांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, दगडाच्या भिंतीजवळ झोपायची भीती बसली होती, आणि हजारो घरे थोड्या काळात उभी करण्याची ताकद मोठ्या बांधकाम कंपन्यांकडेच होती. भूकंपरोधक घर हाच त्या वेळचा पहिला हक्क होता आणि तो मिळाला. जमिनीच्या धारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे ठरली, त्यामुळे वाटपात वाद कमी झाले. दुसरी बाजू पुढच्या दहा वर्षांत अभ्यासकांनी मांडली. सरळ रेषेत आखलेल्या रुंद रस्त्यांच्या गावांत भावकी विखुरली, कडबा आणि जनावरे ठेवायला जागा उरली नाही, चौक गेला. कुटुंबांनी नव्या घराला पत्र्याची, दगडाची जोडकामे केली आणि ती मात्र कोणी तपासली नाहीत. गुबाळमध्ये घुमटाकार घरांचा प्रयोग झाला. घुमटाचा आकार भूकंपात चांगला टिकतो, पण गोल भिंतीला कपाट कसे लावायचे आणि पुढे खोली कशी वाढवायची, हे प्रश्न राहणाऱ्याच्या वाट्याला आले. याच्या जवळच वेगळे प्रयत्नही झाले. बाणेगावसाठी लॉरी बेकर यांनी आराखडा केला आणि मलकोंडजीत अहमदाबादच्या एका अभ्यासगटाने लोकांशी बोलून गाव आखले. पैसा बाहेरचाच होता, बांधणीही संस्थेमार्फतच होती, तरी वापरणारा आधी विचारात घेतला की वास्तूचा अंगरखा बदलतो, हे त्यातून दिसले.

दुरुस्तीच्या गावांत स्वयं शिक्षण प्रयोगसारख्या संस्थेने महिला मंडळांमधून संवाद सहायक उभे केले. अनुदानाचा हप्ता कधी, लोखंडी पट्टी कोठे बसवायची, गवंड्याने कोपरा नीट बांधला का, हे घरोघरी समजावण्याचे काम त्यांनी केले. माझ्या दृष्टीने संपूर्ण चर्चेतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि तो बांधकामाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. या बायका अभियंत्या नव्हत्या, ठेकेदारही नव्हत्या. मालकाचे तुकडे जोडण्याचे काम त्या करत होत्या, आणि कार्यक्रमाच्या रचनेत त्यांना अधिकृत जागा होती. पुढे २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपानंतर गुजरातने घरमालकाने स्वतः बांधण्याच्या धोरणावर भर दिला, त्यामागे मराठवाड्याचा अनुभव होता.

मात्र किल्लारीचा धडा थेट सभागृहाला लावता येत नाही, ही हरकत योग्य आहे. घर कसे हवे हे प्रत्येक माणसाला कळते. तीनशे आसनांच्या खांबविरहित सभागृहाचे छत कसे हवे हे कळत नाही. तिथे तज्ज्ञ लागतो, आणि तज्ज्ञ आला की वापरणारा गप्प होतो. म्हणून कलासंस्थांच्या वास्तूंकडे वेगळे पाहावे लागते.

रंगमंदिरांचा अनुभव

नाट्यगृह ही बांधकामातली अवघड जात आहे. मोठा गाळा, उंच रंगमंच, वर टांगायचे नेपथ्य आणि दिवे, आवाज न करणारी वातानुकूलन यंत्रणा, आणि त्या सगळ्यांवर श्राव्यता. बोलण्यासाठी आवाज लवकर विरावा लागतो, गाण्यासाठी थोडा रेंगाळावा लागतो; एकाच सभागृहात दोन्ही हवे असेल तर तडजोड कोठे करायची हे पायाखणणीच्या आधी ठरावे लागते. भारतीय मानक २५२६ मध्ये सभागृहांच्या श्राव्यतेचे मार्गदर्शन १९६३ पासून आहे, पण मानक वाचणारा माणूस निविदेत असावा लागतो. मुंबईत राष्ट्रीय संगीत नाटक केंद्राचे टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झाले. वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन आणि श्राव्यतज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी ते एकत्र आखले, आणि ध्वनिवर्धकाशिवाय गायन-वादन ऐकता यावे हा हेतू सुरुवातीपासून होता. छताचा आकार त्या हेतूतून आला. याउलट जुहूचे पृथ्वी थिएटर छोटे. वेद सेगन यांनी ते आखले आणि १९७८ मध्ये ते उघडले. ते उभे करणारे शशी कपूर आणि जेनिफर केंडल हे दोघेही रंगभूमीवर वाढलेले, त्यामुळे पैसा उभा करणारा आणि रंगमंच जाणणारा एकच होता. दोन्ही उदाहरणांत रकमेत, आकारात, शैलीत काहीच सारखे नाही. सारखे एवढेच की काय हवे हे नेमके सांगू शकणारा माणूस बांधणाऱ्याच्या समोर बसलेला होता.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारले. १९१५ मध्ये ते पूर्ण झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले. आता ते जसेच्या तसे उभे करायचे म्हणजे काय, हा प्रश्न आहे. दगडी बांधणी, लाकडी रंगमंच, प्रेक्षकांच्या आठवणी हे एका बाजूला. आजचे अग्निसुरक्षेचे नियम, अपंगांसाठी वाट, नवी विद्युत व्यवस्था दुसऱ्या बाजूला. पणजीच्या कला अकादमीची वास्तू चार्ल्स कोरिया यांची. तिच्या नूतनीकरणाचे काम निविदा न काढता दिले गेल्यावरून वाद झाला, जुलै २०२३ मध्ये काम सुरू असतानाच खुल्या नाट्यगृहाच्या छताचा भाग कोसळला, आणि नंतर कलावंतांनी ध्वनी-प्रकाशव्यवस्थेबद्दल तक्रारी केल्यावर पाहणीसाठी कृतिदल नेमावे लागले. तेथे कोणाचे चुकले याचा निवाडा या लेखात करायचा नाही. पण क्रम पाहण्यासारखा आहे: वापरणाऱ्यांचा अधिकृत आवाज काम संपल्यावर आला. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चे. त्याच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला तेव्हा रंगकर्मींमध्ये दोन तट पडले आणि चर्चा ‘पाडायचे की ठेवायचे’ यावरच अडली. विंगेत किती जागा हवी, गाडी कोठून आत येणार, रंगपटात किती माणसे मावावीत, या गोष्टींवर त्यामानाने कमी बोलले गेले.

बाहेरच्या जगातही हाच गुंता दिसतो. हँबुर्गच्या एल्बफिलहार्मोनी संगीतगृहाच्या बाबतीत शहराने वास्तुरचनाकाराशी वेगळा करार केला आणि बांधकाम कंपनीशी वेगळा. आराखडे पूर्ण होण्याआधी बांधणी सुरू झाली, २०११ मध्ये छताच्या प्रश्नावर काम थांबले, आणि २०१३ मध्ये करार नव्याने लिहून रचनाकार व कंपनी यांना एका जबाबदारीखाली आणल्यावरच ते पुढे सरकले. जानेवारी २०१७ मध्ये ते उघडले तेव्हा शहराचा खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या कित्येक पट, सुमारे ७८.९ कोटी युरो झाला होता. श्रीमंत शहर ते पचवू शकते. तालुक्यातली संस्था त्यात बुडेल.

आजच्या बाजू

आज या प्रश्नावर ढोबळमानाने तीन बाजू दिसतात. पहिली सर्वांत कमी दराच्या निविदेची. पैसा लोकांचा आहे, म्हणून स्पर्धा उघड हवी, दर जिल्हा दरसूचीशी ताडून पाहता यावा आणि विश्वस्तांवर कोणी बोट ठेवू नये. लेखापरीक्षक आणि देणगीदार यांना ही पद्धत सोयीची वाटते, आणि ओळखीच्या माणसाला काम देण्याची सवय मोडायला ती उपयोगी पडली हे मान्य केले पाहिजे. तिची अडचण अशी की आराखडा पक्का असेल तरच ती नीट चालते. तो अर्धवट असेल तर सर्वांत कमी दर भरणारा आपला नफा पुढे ‘एक्स्ट्रा आयटम’मध्ये शोधतो; मोजमाप पुस्तक जाड होत जाते आणि संस्था ते वाचू शकत नाही.

दुसरी बाजू संस्थेने स्वतः बांधण्याची: साहित्य संस्थेचे, मजुरी ठरवून दिलेली, देखरेख एखाद्या निवृत्त अभियंत्याची. आनंदवनाने रहिवाशांच्या हातांनी इमारती उभ्या केल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने रुग्णालय कसे हवे हे आदिवासींना विचारले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता यावे, असे लोक म्हणाले, आणि शोधग्राममधले रुग्णालय वस्तीसारख्या कुट्यांचे झाले. यातला विचारण्याचा भाग कोठेही नेता येतो. बांधण्याचा भाग मात्र संस्थेत तसे नेतृत्व वर्षानुवर्षे हजर असेल तरच चालतो.

तिसरी बाजू अलीकडे जोर धरते आहे: सेवाभावी आणि कलासंस्थांच्या कामांचा अनुभव असलेली बांधकाम कंपनी आराखड्याच्या टप्प्यावरच निवडावी, तिला सल्ल्याचे वेगळे शुल्क द्यावे, आणि बांधणी खर्च अधिक ठरलेला मोबदला या तत्त्वावर, हिशेब उघडे ठेवून व्हावी. ही कंपनी रचनाकाराला सांगते की हा गाळा या भागात मिळणाऱ्या यंत्रांनी उभा राहणार नाही. विश्वस्तांना सांगते की पैसा दोन टप्प्यांत येणार असेल तर इमारतही अशा दोन भागांत पाडा की पहिला भाग एकटा वापरता येईल. माझा कल या बाजूकडे आहे. कारण उघड आहे: मालकाचे तुकडे जोडण्याच्या कामाला इथे नाव मिळते आणि मोबदलाही मिळतो. बाकीच्या दोन पद्धतींत ते काम कोणाच्या तरी चांगुलपणावर सोडलेले असते.

आक्षेप आणि त्यांचे वजन

पहिला आक्षेप सरळ आहे. आधीच निवडलेली कंपनी स्पर्धा नसल्याने दर फुगवील. हा धोका खरा आहे, आणि ‘उघडे हिशेब’ या शब्दांनी तो संपत नाही. हिशेब वाचणारा कोणीतरी हवा. त्यावर उपाय असा की सल्ल्याचे काम आणि बांधणीचे काम असे दोन करार असावेत, पहिला संपल्यावर संस्थेला बाहेर पडून निविदा काढण्याची मोकळीक असावी, आणि पोटठेके स्पर्धेनेच दिले जावेत. तरीही लहान संस्थेला त्रयस्थ मोजमाप तपासनीस नेमावा लागेल. तो खर्च टाळायचा असेल तर पहिलीच पद्धत बरी, हे मी मान्य करतो.

दुसरा आक्षेप वाशीसारख्या ठिकाणाहून येतो आणि मला तो अधिक वजनदार वाटतो. एवढी माणसे, एवढे करार एखाद्या महानगरी न्यासाला परवडतील. दोन-चार कोटींच्या, किंवा काही लाखांच्या कामाला विशेष कंपनी मुंबईहून कशाला येईल? खरे आहे. पण कामाची अवघडता रकमेवर ठरत नाही. भारतीय मानक १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत धाराशिव तिसऱ्या भूकंपक्षेत्रात होते, आणि किल्लारी परिसर त्याआधी सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात धरला जात होता. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर जोते उचलले जाते. उन्हाळ्यात काँक्रीटला पाणी मारायचे ते टँकरचे. शंभर मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकघर, सांडपाणी, मुलींच्या सुरक्षिततेची रचना, आगीत बाहेर पडण्याची वाट हे सगळे आले. अशा ठिकाणी आख्खी कंपनी आणता येणार नाही, पण तिचे काम आणता येते. पुनर्वसनातल्या संवाद सहायकांचे उदाहरण इथे उपयोगी पडते: देणगीदाराने एकूण खर्चातला थोडा भाग संस्थेच्या वतीने साइटवर उभ्या राहणाऱ्या जाणकार माणसासाठी बाजूला ठेवावा, आणि त्याला रनिंग बिल अडवण्याचा अधिकार असावा. गावातला ठेकेदार मग ठेकेदारच राहतो, आणि त्याच्याशी रोज बोलणारा मालक त्याला मिळतो.

तिसरा आक्षेप देणगीदारांचा. आम्ही भिंतींसाठी पैसे देतो, सल्ल्यासाठी नाही. सामाजिक दायित्वाच्या नियमांत कंपनीचा प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे, त्यामुळे हा पवित्रा आणखी घट्ट होतो. पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे; प्रकल्पाचा आराखडा, मातीपरीक्षण, देखरेख हा प्रकल्पाचाच खर्च म्हणून मांडता येतो. तो आधी मांडला जात नाही, कारण कोनशिलेवर त्याचे नाव येत नाही.

काय सुटलेले नाही

काही प्रश्नांवर मात्र कोणत्याही बाजूकडे पुरेसे उत्तर नाही. पहिला देखभालीचा. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी संपला, सुरक्षा ठेव परत गेली, की गळणारे छत संस्थेचे. सभागृहाला तर हे फारच लागू पडते. वातानुकूलन, पडदे, दिवे, वायरिंग यांचा खर्च रोजचा आहे, भाडे मात्र लग्नाच्या हंगामात आणि निवडणुकीत मिळते. मग सभागृह हळूहळू मंगल कार्यालय होते, आणि नाटकाच्या तालमीला तारीख मिळत नाही. इमारतीच्या देणगीबरोबर देखभालनिधीही मागावा असे अनेकजण म्हणतात, पण तो किती, तो कोण सांभाळणार आणि विश्वस्त मंडळ बदलल्यावर तो सुरक्षित कसा राहणार, यावर एकवाक्यता नाही.

दुसरा प्रश्न वापरणाऱ्याच्या वतीने बोलणार कोण, हा. रंगकर्मींच्या संघटना आहेत, पण एखाद्या गावात गोंधळी, भजनी मंडळ, शाळेचे स्नेहसंमेलन, व्याख्यानमाला आणि हौशी नाट्यसंस्था एकाच रंगमंचावर येतात. वसतिगृहातली मुले तर दरवर्षी बदलतात. २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन आणि २०२० मध्ये साहित्य संमेलन धाराशिव जिल्ह्यात झाले. साहित्य संमेलन मांडवात भरले आणि मांडव उतरला. तेवढ्या गर्दीसाठी कायमची वास्तू बांधावी, की तीनशे माणसांचे चांगले सभागृह पुरे, आणि मोठ्या प्रसंगी मांडवच बरा? भव्य वास्तूचा आग्रह धरणारे म्हणतात की लहान बांधले तर जिल्हा कायम लहानच समजला जातो. छोट्या वास्तूच्या बाजूचे म्हणतात की रिकाम्या खुर्च्यांची वीज कोण भरणार. दोघांकडेही मोजून काढलेला वापर नाही, म्हणजे वर्षातून किती दिवस, किती माणसे, कोणत्या कार्यक्रमाला.

तिसरा प्रश्न आगीचा आणि विम्याचा. मुंबईत जमशेद भाभा थिएटर पूर्ण होत आले असताना १९९७ मध्ये आगीत गेले, पुन्हा उभे राहून १९९९ मध्ये उघडले. तेथे पुन्हा बांधण्याची ताकद होती. तालुक्यातल्या संस्थेच्या करारात बांधकामाच्या काळातल्या सर्व जोखमींचा विमा कोणी उतरवायचा, हप्ता कोणाच्या दरात धरायचा, आणि रकमेचा पहिला हक्क देणगीदाराचा की संस्थेचा, हे कलम बहुतेक वेळा कोरेच राहते.

चौथा प्रश्न माणसांचा. किल्लारीनंतर गवंड्यांना भूकंपरोधक बांधणी शिकवली गेली. तीस वर्षांत त्यांतले अनेक काम सोडून गेले, काही पुण्याच्या साइटवर गेले. नवे मिस्त्री काँक्रीटच्या चौकटी झपाट्याने उभ्या करतात, पण कोपऱ्यातल्या सळईचा आकडा किती अंशांत वाकवायचा, रिंगा खांबाच्या टोकाशी जवळ जवळ का घ्यायच्या, हे साइटवर उभे राहून सांगणारा कोणी नसतो. संस्थांची बांधकामे ही त्यांच्यासाठी शाळा होऊ शकतील का, म्हणजे वसतिगृह बांधता बांधता दहा मिस्त्री तयार होतील असा करार लिहिता येईल का, यावर अजून कोणी गंभीरपणे बोललेले दिसत नाही. तो करार लिहायचा झाला तर त्यात गवंड्याच्या प्रशिक्षणाचे दिवस मजुरीच्या दरानेच धरावे लागतील, आणि ते पैसे कोनशिलेवर नाव असलेल्या माणसाकडूनच मागावे लागतील.